काळी तार

आमच्या घरात तीन बोली होत्या. बाबा वऱ्हाडी सोडून दुसरं काही बोलत नसत. मिलमधल्या मुनीमजींशी ते हिंदी म्हणून जे बोलत, तेही वऱ्हाडीच असे. आई रायपुरातच जन्मलेली. तिच्या मराठीत शेजारणींची छत्तीसगढी मिसळलेली होती, 'हो' म्हणायचं तिथे ती 'हव' म्हणायची. आणि माझा भाऊ विनूदादा, माझ्याहून सात वर्षांनी मोठा, मराठी सगळी समजत असूनही प्रत्येक गोष्टीला हिंदीत उत्तर द्यायचा. बाबा विचारायचे, "कुठं गेला होता बे?" हा म्हणायचा, "यहीं था, बाबा." लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच घरी असं असतं, एकानं एका भाषेत विचारायचं आणि दुसऱ्यानं दुसऱ्या भाषेत सांगायचं. तो गेल्यावर आमच्या घरातली हिंदी बंद झाली. आईबाबांना ते कधी जाणवलं की नाही, कोण जाणे. मला या वयातही जाणवतं.

घर तात्यापाऱ्यातलं, खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर एक खोली आणि तिला लागून न्हाणीघर. बाबा राईस मिलमध्ये वायरमन होते. धानाचा कोंडा त्यांच्या भुवयांत, कानांत, शर्टाच्या शिवणीत बसलेला असायचा, आणि संध्याकाळी ते अंगणात उभे राहून स्वतःला टॉवेलनं झटकत तेव्हा आई आतून ओरडायची, "तिकडं सरकून झटका, भाजी उघडी आहे!" भाजी बहुतेक लाल भाजी, नाहीतर मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा. रविवारी मात्र गोळाभात. भिजवलेली चण्याची डाळ वाटून तिचे गोळे, भातातच शिजवलेले, वरून हिंग-लाल मिरचीचं कडकडीत तेल. त्या तेलाचा चर्रर्र आवाज आला की दादा कुठेही असला तरी पाटावर येऊन बसायचा.

जिन्याखाली एक लोखंडी मेन स्विच होता, वहीएवढा डबा, बाजूला दांडा. घरात साधा बल्बचा होल्डर बदलायचा असला तरी बाबा तो दांडा खाली ओढायचे. खटॅक असा आवाज सगळ्या घरात जायचा आणि पंखे, रेडिओ, सगळं एकदम गप्प व्हायचं. दांडा खाली आला की घरात येणाऱ्या दोन्ही तारा तुटत, लाल आणि काळी. लालमधून वीज आत येते, तिला फेज म्हणतात. काळीतून ती परत जाते, तिला न्यूट्रल. सगळं नीट जोडलेलं असेल तर काळीला हात लावूनही काही होत नाही. एवढं मला दहाव्या वर्षीच ठाऊक होतं, कारण दुसऱ्या मुलींना बाप गोष्टी सांगतात तसं बाबा मला तारा सांगायचे. मी पुढे पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल घेतलं. वर्गात दोनच मुली होत्या.

त्याच सुमारास नवं राज्य झालं आणि आमचं शहर त्याची राजधानी झालं. बातमी आली तेव्हा चौकात फटाके फुटले, आणि पुढच्या काही महिन्यांत असं झालं की शहरात एक खोली रिकामी राहिली नाही. भोपाळहून साहेब आले, बाबू आले, त्यांची बायकापोरं, कपाटं, कूलर आले. ज्याच्या घरात एक जादा भिंत होती त्यानं तिथे भाडेकरू ठेवला. आणि या सगळ्यांना पंखे हवे होते, गीझर हवे होते, जुन्या वायरिंगवर न चालणाऱ्या शंभर गोष्टी हव्या होत्या. दादानं आयटीआय केलेलं, हात साफ, बोलणं गोड. त्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. सकाळी ड्रिल मशीन स्कूटरच्या पुढ्यात ठेवून निघायचा तो जेवायलाच घरी. आणि जेवताना त्या घरांच्या गोष्टी. त्याला पत्ते कधी सांगता आले नाहीत. "वो तोते वाला घर," म्हणायचा, "वो जिसमें दादाजी दिन भर हारमोनियम पोंछते हैं, बजाते कभी नहीं." आई हसून हसून घास खाली ठेवायची. बाबा हसत नसत, पण मान खाली घालून ऐकत असत, आणि तो थांबला की विचारत, "मंग, बोर्ड कुठं बसवला?"

आमच्याही वरच्या खोलीत भाडेकरू आले. शुक्लाजी म्हणून मंत्रालयातले एक बाबू, त्यांची बायको आणि तान्ही मुलगी. ते यायच्या आधी दादानं घर रंगवून घेतलं आणि जिन्याखालचा लोखंडी डबा काढून तिथे पांढरा, चकचकीत नवा बोर्ड बसवायला घेतला. आत बोटभर रुंदीचे एमसीबी, म्हणजे जास्त करंट आला तर आपोआप पडणारे छोटे स्विच. मला तो बोर्ड फार सुंदर वाटला. बाबा चष्मा लावून जवळ आले आणि बराच वेळ बघत राहिले.

"मेनले सिंगल पोल लावला काय?"

"हाँ. सब जगह यही लगा रहा हूँ."

"हा तर एकच तार तोडते. मेनले डबल लाव. दोन्ही तारा तुटल्या पायजेत."

"बाबा, डबल दो खाने की जगह लेता है. फिर गीझर की लाइन कहाँ डालूँ? और न्यूट्रल काट के करना क्या है? उसमें होता क्या है?"

बाबा माझ्याकडे वळले. का, ते मला आज कळतं. घरात तिसरं माणूस या विषयातलं मीच होते. मी त्याच आठवड्यात ते पान वाचलं होतं. मी म्हणाले, "बाबा, न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो. त्याचा दाब शून्य असतो. दादाचं बरोबर आहे."

"पुस्तकातला न्यूट्रल शून्य असते, पोट्टे," बाबा म्हणाले. "खांबावरचा कोणी जोडला, कसा जोडला, तुले काय माहीत?"

दादा हसला. "बाद में बदल दूँगा, बाबा. टेंशन मत लो." बाबांचे गुडघे तेव्हा धरले होते, मिल सुटली होती, घर दादाच्या कामावर चाललं होतं. चष्मा काढून खिशात ठेवत ते म्हणाले, "बदल मंग. विसरू नको." मला जिंकल्यासारखं वाटलं. आज कुणी मला विचारलं की आयुष्यातलं कुठलं एक वाक्य परत घेशील, तर ते हेच.

दिवाळीनंतर आमच्या गल्लीच्या तोंडाचा रस्ता रुंद करायला घेतला. खांब मागे सरकवले. कुणातरी ठेकेदाराची माणसं दोन दिवस शिड्या लावून वर चढत होती, तारा उतरवत, पुन्हा जोडत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवे आले, पोरांनी ओरडा केला, आई म्हणाली, "आली बाई एकदाची." पंखा फिरला, रेडिओ लागला, मीटरची चकती फिरू लागली. सगळं पहिल्यासारखं. खांबावर आमच्या घराच्या दोन तारा उलटसुलट जोडल्या गेल्या होत्या, लालच्या जागी काळी आणि काळीच्या जागी लाल. पण दिव्याला काय, वीज इकडून आली काय नि तिकडून आली काय, तो लागतोच. ते कुणी केलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. मला वाटतं, ज्यानं केलं त्यालाही कळलं नसेल.

डिसेंबरात थंडी पडली आणि शुक्लाजींच्या बायकोनं गीझर आणला. तान्हीला गार पाण्यात कसं घालू, म्हणून बिचारी दोन वेळा खाली येऊन विचारून गेली होती. रविवार होता. दादा एरवी रविवारीही बाहेरच असायचा, त्या दिवशी म्हणाला, "आज घर का काम." आई गॅसवर गोळाभात करत होती, रेडिओवर गाणी लागली होती, बाबा अंगणात उन्हाला पाय सोडून बसले होते. दादा गीझर जोडायला वर न्हाणीघरात गेला. फरशी सकाळच्या आंघोळीची ओली होती. त्यानं वरून हाक मारली, "नंदा, मेन गिरा दे!"

मी जिन्याखाली गेले आणि पांढऱ्या बोर्डातला पहिला स्विच खाली केला. रेडिओ बंद पडला. स्वयंपाकघरातला दिवा विझला.

मी ओरडले, "बंद केलं!"

"हो गया?"

"हो, बंद केलं!"

वर बादली पडल्याचा आवाज झाला, मग दुसरा, जड. मग शुक्लाजींच्या बायकोची किंकाळी. बाबा गुडघे विसरून जिना चढले, मी त्यांच्या मागे. दादा भिंतीला लागून अर्धा बसल्यासारखा होता, आणि त्याच्या उजव्या मुठीत काळी तार होती. मूठ उघडत नव्हती.

"मेन बंद कर!" बाबा ओरडले.

"बंद आहे, बाबा! बंदच आहे!"

"बंद कर म्हणतो ना!"

"बंद आहे!"

मी खाली धावले, तो स्विच वर केला, पुन्हा खाली केला. मी पडताळून पाहत होते की मी खरंच बंद केलंय. वर बाबांनी बसायचा लाकडी पाट उचलून दादाच्या मनगटावर मारला, दोनदा, आणि तार सुटली. शेजारच्यांनी त्याला उचलून रिक्षात घातलं. बुढापाऱ्याच्या वळणावर स्कूटर आणि ठेले अडकून पडले होते. शुक्लाजी अनवाणी रस्त्यात उतरून हात जोडत होते, "हटो भैया, हटो भैया." दवाखान्यात डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. टेस्टर दादाच्या शर्टाच्या खिशातच होता. त्यानं तो काढला का नाही, हे मला पुष्कळांनी विचारलं. डोक्यावरचा बल्ब विझला होता, आणि सख्खी बहीण खालून 'बंद केलं' म्हणत होती. कायले काढेल?

त्या दिवशीचा भात तसाच राहिला. संध्याकाळी कुणीतरी शेजारणीनं तो गाईला घातला.

तेरावं झाल्यावर बाबांनी मला जिन्याखाली बोलावलं. त्यांच्या हातात मिलमधला टेस्ट लॅम्प होता, होल्डरात एक बल्ब आणि त्याला दोन उघड्या तारा. त्यांनी पांढऱ्या बोर्डातला मेन खाली केला. मग एक तार जमिनीत पुरलेल्या अर्थिंगला लावली आणि दुसरी बोर्डातल्या काळ्या तारेला टेकवली. बल्ब लागला. पूर्ण उजेडात लागला.

"पाह्य," ते म्हणाले.

स्विच खरंच बंद होता. पण तो एकच तार तोडत होता, आणि आता त्या तारेतून वीज येतच नव्हती. येत होती ती काळीतून, आणि तिला अडवणारं मध्ये काही नव्हतं. पुस्तकात हे त्याच पानाच्या मागच्या बाजूला दिलेलं होतं. मी नंतर पाहिलं. मी मागची बाजू वाचली नव्हती. मी वाट पाहत उभी राहिले की आता बाबा काहीतरी म्हणतील. 'मी सांगितलं होतं' एवढं तरी म्हणतील. ते बल्बकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मीच म्हणालो ना, नंतर बदल म्हणून. तेव्हाच बदलायले लावायचं होतं." मग तारा काढून घेतल्या. मला त्यांचा हात धरायचा होता, पण आमच्या घरात तशी पद्धत नव्हती.

आईनं त्यानंतर एकच गोष्ट सांगितली, विजेचं काम या घरात पुन्हा कुणी करायचं नाही. दादाचं ड्रिल मशीन तिनं जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं. मी पॉलिटेक्निकला जायची थांबले होते, तिला वाटलं कायमचीच. बाबा मान डोलावून 'हो' म्हणाले. आणि आठवड्याभरानं, ती देवळात गेली असताना, मला म्हणाले, "विनूनं किती घरी असा बोर्ड लावला असंन?"

मला पत्ते माहीत नव्हते. मला तोते वाला घर माहीत होतं. हारमोनियमवाले आजोबा माहीत होते. जेवताना ऐकलेलं सगळं मी आठवून आठवून सांगितलं, आणि पुढचे तीन महिने, बाजाराला जातो म्हणून, बाबा आणि मी ती घरं शोधत फिरलो. पोपट बुढापाऱ्यात तलावामागच्या गल्लीत सापडला. आम्ही घरात जायचो, बाबा म्हणायचे, "बोर्डात एक सामान बदलायचं राहिलं आहे," आणि सिंगल पोलचा मेन काढून डबल बसवायचे. खाना कमी पडला तर बाजूला वेगळी डबी ठोकायचे. त्याआधी दरवेळी मला बोर्डापाशी उभं करायचे.

"बंद कर. आणि मोठ्यानं सांग."

पोपटवाल्या घरी माझ्या तोंडून शब्द फुटेना. स्विच खाली केला आणि तशीच उभी राहिले. घरमालकीण माझ्याकडे बघत होती. बाबा शिडीवर होते, घाई करत नव्हते. "सांग, नंदे," ते म्हणाले. मी म्हणाले, "बंद केलं." ते म्हणाले, "ठीक," आणि मग टेस्ट लॅम्प घेऊन लाल तपासली, काळी तपासली, दोन्ही तपासून झाल्यावरच हात घातला. प्रत्येक घरी असंच. एकदाही त्यांनी माझ्या शब्दावर तारेला हात लावला नाही. आता मी स्वतः शिकवते, आणि मुलं कंटाळून म्हणतात, "मॅडम, बंद आहे, काय पुन्हा पुन्हा बघायचं?" मी त्यांना काही समजावत नाही. पुन्हा तपासायला लावते.

एकूण अकरा घरं झाली. एका घरात खरंच तारा उलट निघाल्या. त्या दिवशी परतताना बाबा वाटेत दोनदा थांबले, दम लागला म्हणून म्हणाले.

शेवटचं घर बीरगावचं, कारखान्यात जाणाऱ्या एका कामगाराचं. दादानं एवढंच सांगितलं होतं की दार निळं आहे आणि समोर हातपंप. उन्हाळा लागला होता. धुरानं आभाळ करडं झालं होतं. दुपारी घरात फक्त त्या कामगाराची बायको होती. तिनं बाबांना पाणी दिलं, आमचं काम होईपर्यंत दारात बसून राहिली आणि शेवटी विचारलं, "वो भैया नहीं आए? जो पहले आए थे?"

बाबा स्क्रू आवळत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. आईला बाजाराचं सांगतानासुद्धा ते पायांकडे बघत.

"उसकी बदली हो गई," बाबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून स्वच्छ हिंदी ऐकली. "दूर गया है."

"अच्छा," ती म्हणाली. "बहुत हँसाते थे. मेरे लड़के को चौदह तक पहाड़ा याद करा दिया था, इसी सीढ़ी पे बैठ के. रुकिए." ती आत गेली आणि कागदात बांधलेली पुडी घेऊन आली. ठेठरी होती, बेसनाची, तिकडे सणाला करतात ती, कडक, मिठाची. "भैया के लिए. उनको भेज देना."

बाबांनी दोन्ही हातांनी पुडी घेतली.

परतताना आम्ही रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली स्कूटर थांबवली. बाबा खाली मातीतच बसले. पुडी त्यांनी मांडीवर ठेवली. घरी नेली तर आई विचारेल, कुणी दिली, कुठून आली. टाकून देणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी पुडी सोडली, एक माझ्या हातात दिली, एक स्वतः घेतली.

त्यांचे दात तेव्हा जवळजवळ गेलेले होते. ठेठरी त्यांना चावेना. तोंडात धरून ठेवायचे, मऊ होईपर्यंत, मग गिळायचे. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. समोरून कारखान्याची पाळी सुटलेली माणसं सायकलींवरून जात होती.

"खाय," ते मला म्हणाले. "एकही ठेवायची नाही. त्याच्यासाठी दिली आहे."

आम्ही सगळी खाल्ली.